इतिहासाच्या अभ्यासात उत्तराधुनिक सिद्धान्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाचे विद्यार्थी आणि संशोधक उत्तराधुनिक विचारांकडे बहुधा दोन टोकांच्या मनःस्थितीत येतात. काहींना प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताचे नाव असलेच पाहिजे असे वाटते, तर काहींना हा सगळा खटाटोप म्हणजे पुराव्याला दिलेली सोडचिठ्ठी वाटते. पुढील उत्तरे दोघांसाठीही आहेत. त्यांत लेखकाचे मत आहे आणि ते लपवलेले नाही: साधनांना आणि स्वतःच्या लेखनाला प्रश्न विचारण्यासाठी हा सिद्धान्त फार उपयोगी पडतो, परंतु गतकाळात काय घडले याचा निकाल त्याच्याकडे मागायला गेल्यास तो रिकाम्या हाताने परत पाठवतो.

उत्तराधुनिक सिद्धान्त म्हणजे नेमका कोणता सिद्धान्त?

असा एक सिद्धान्त नाहीच. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत, मुख्यतः फ्रान्समध्ये, भाषा, सत्ता आणि ज्ञान यांच्या संबंधांविषयी जे लेखन झाले, त्याला मागाहून एकत्रितपणे दिलेले हे नाव आहे. ज्यांच्या लेखनावर ते चिकटवले गेले त्यांतील सर्वांना ते मान्य होते असेही नाही. मिशेल फूको यांनी ते स्वतःला कधी लावून घेतले नाही. तत्त्वज्ञानात ही संज्ञा रूढ झाली ती झाँ-फ्रान्स्वा ल्योतार यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक मुळात कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सरकारच्या विद्यापीठविषयक परिषदेने मागवलेला अहवाल होते, ही गोष्ट थोडी गमतीची आहे. महाकथनांवरचा अविश्वास हे उत्तराधुनिक अवस्थेचे लक्षण आहे, असे ल्योतार यांनी त्यात म्हटले. महाकथन म्हणजे सगळ्या घटनांना एकाच दिशेने वाहून नेणारी कथा: बुद्धीचा अंधश्रद्धेवरील विजय, मानवाची मुक्ती, वर्गलढ्याचा अंतिम निकाल, राष्ट्राचा उदय.

इतिहासकाराला या विचारसमूहातील प्रत्येक गोष्टीशी कर्तव्य नसते. त्याच्या रोजच्या कामाला येऊन भिडतात ते प्रश्न असे की, साधन कोणत्या भाषेत आणि कोणाच्या सोयीसाठी तयार झाले, ज्या वर्गवारीत आपण माणसे मोजतो ती वर्गवारी केव्हा आणि का निर्माण झाली, आणि विखुरलेल्या घटनांची कथा होताना त्यांत आपण काय मिसळतो.

याचा अर्थ ‘काहीच घडले नाही, सगळे कल्पित आहे’ असा होत नाही का?

होत नाही. गतकाळ आणि इतिहास या दोन शब्दांतला फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. गतकाळ घडून गेला आहे आणि तो आपल्या मतावर अवलंबून नाही. इतिहास म्हणजे त्या गतकाळाविषयी, उरलेल्या खुणांच्या आधारे, नंतरच्या कोणीतरी केलेले लेखन.

आर्थर डांटो हे विश्लेषक परंपरेतील तत्त्वज्ञ, म्हणजे उत्तराधुनिकांच्या गोटातले मुळीच नव्हेत. तरी हा फरक समजून घेण्यासाठी त्यांनी १९६५ मध्ये मांडलेले उदाहरण सर्वांत सोपे आहे. ‘तीस वर्षांचे युद्ध १६१८ मध्ये सुरू झाले’ हे वाक्य खरे आहे, पण १६१८ मध्ये ते कोणालाही उच्चारता आले नसते. त्या वर्षी प्रागमध्ये सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खिडकीतून खाली फेकण्यात आले, हे त्या दिवशी तेथे हजर असलेल्या कोणीही सांगितले असते. ती घटना तीस वर्षे चालणाऱ्या युद्धाची ‘सुरुवात’ होती, हे मात्र शेवट ठाऊक असलेल्यालाच म्हणता येते. सुरुवात, कळस, अस्त, वळणबिंदू हे शब्द घटनांच्या अंगावर लिहिलेले नसतात, ते इतिहासकार घालतो. एवढे मान्य करण्यासाठी खिडकीतून कोणी पडलेच नाही असे म्हणावे लागत नाही.

या विचाराला टोकापर्यंत नेणारे लेखक आहेत, हे खरे. कीथ जेन्किन्स यांनी १९९१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी छोटेखानी प्रास्ताविक लिहिले आणि पुढील लेखनात इतिहासाविनाही आपले चालू शकेल असे सुचवण्यापर्यंत ते गेले. त्यांच्यामागे तेथवर गेलेच पाहिजे असे बंधन कोणावर नाही.

साधनांची चिकित्सा इतिहासकार पूर्वापार करतच आले आहेत. मग नवीन ते काय?

हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उडवून लावू नये. लोरेंझो व्हाल्ला यांनी १४४० मध्ये ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ (चौथ्या शतकातील रोमन सम्राटाने पोपला सत्ता बहाल केल्याचा कागद) बनावट असल्याचे त्यातील लॅटिनच्या आधारे दाखवून दिले; दानपत्रातील शब्द चौथ्या शतकातले असूच शकत नाहीत, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक मोठा भाग होता. लिओपोल्ड फॉन रांके यांनी १८२४ मध्ये ‘प्रत्यक्षात कसे होते’ एवढेच दाखवण्याचा आपला हेतू जाहीर केला, तेव्हा त्यामागे साधनांची कसून पारख होती. साधन खरे की खोटे, लिहिणारा जाणकार की अजाण, पक्षपाती की तटस्थ, हे प्रश्न जुनेच आहेत आणि आजही ते आधी विचारावे लागतात.

फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. जुनी चिकित्सा साधनातील दोष बाजूला सारून त्यापलीकडची घटना पाहू इच्छिते. नवा प्रश्न असा की तो ‘दोष’ हीच एक ऐतिहासिक वस्तू आहे का. नटाली झेमॉन डेव्हिस यांनी सोळाव्या शतकातील फ्रान्समधील दयेच्या अर्जांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला, तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मनुष्यवधाचा आरोप असलेली व्यक्ती राजाकडे माफी मागत असे. तिची हकिकत लेखनिक कायद्याच्या चौकटीत बसवून लिहीत, आणि कृत्य पूर्वनियोजित नव्हते, रागाच्या भरात किंवा स्वसंरक्षणार्थ घडले, हे त्यातून पटवून द्यावे लागे. अशा कागदावर किती विश्वास ठेवायचा, असे विचारून जुना अभ्यासक बहुधा थांबला असता. डेव्हिस यांनी विचारले की त्या काळातील माणसाला विश्वसनीय वाटणारी कथा कशी रचली जाई, पुरुषाचा राग आणि स्त्रीचा राग यांच्या कथा वेगळ्या का होत, आणि त्या रचनेत शेतकऱ्याचा वाटा किती व लेखनिकाचा किती. अर्जातली बनावट येथे अडथळा उरत नाही, ती अभ्यासाचा विषय होते.

उत्तराधुनिक म्हणवून न घेणाऱ्या इतिहासकारांनी या प्रश्नांचा सर्वांत चांगला उपयोग केला आहे, असे माझे निरीक्षण आहे.

हेडन व्हाइट यांचे म्हणणे थोडक्यात काय, आणि ते प्रत्यक्ष कसे वापरावे?

व्हाइट या अमेरिकन इतिहासचिंतकांचे ‘मेटाहिस्टरी’ हे पुस्तक १९७३ मध्ये आले. एकोणिसाव्या शतकातील चार इतिहासकार आणि चार तत्त्वज्ञ घेऊन त्यांनी असे दाखवण्याचा प्रयत्न केला की केवळ कालानुक्रमे मांडलेल्या घटनांना आकार नसतो. इतिहासकार त्यांना एखाद्या ओळखीच्या कथाप्रकारात बसवतो, तेव्हाच वाचकाला त्या ‘समजतात’. मिशले यांचा इतिहास अद्भुतरम्य कथेच्या अंगाने जातो, रांके यांचा सुखान्तिकेच्या, तॉकव्हिल यांचा शोकान्तिकेच्या आणि बुर्कहार्ट यांचा उपरोधिकेच्या, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्या तळाशी रूपक, अजहल्लक्षणा (एका वस्तूऐवजी तिच्याशी जोडलेल्या वस्तूचे नाव), उपलक्षणा (भागावरून संपूर्णाचा निर्देश) आणि वक्रोक्ती हे भाषेचे चार मूलभूत अलंकार आहेत, आणि वरच्या थरावर युक्तिवादाचे व विचारसरणीचे प्रत्येकी चार प्रकार. चारांची ही चौकट जरा जास्तच चोख आहे. ती जशीच्या तशी उचलून एखाद्या बखरीला किंवा अहवालाला लावणे म्हणजे पाने भरणे होय. त्यातून नवे काही कळत नाही.

उपयोग होतो तो त्यामागच्या प्रश्नाचा. याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण पर्यावरणाच्या इतिहासातले आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ मैदानांवर भीषण धुळीची वादळे झाली. या विषयावर १९७९ मध्ये दोन स्वतंत्र पुस्तके प्रसिद्ध झाली, एक पॉल बॉनिफील्ड यांचे आणि दुसरे डोनाल्ड वर्स्टर यांचे. विल्यम क्रोनन यांनी १९९२ मध्ये ही दोन पुस्तके शेजारी ठेवून दाखवले की विषय तोच, साधने बरीचशी तीच, अनेक तथ्यांवर एकमत, आणि निष्कर्ष मात्र जवळजवळ उलटे. एकात निसर्गाशी झुंजून तगून राहिलेल्या चिवट माणसांची विजयगाथा आहे. दुसऱ्यात जमिनीकडे केवळ भांडवल म्हणून पाहणाऱ्या व्यवस्थेने स्वतःवर ओढवून घेतलेली शोकान्तिका आहे. कथेला सुरुवात कोठून करायची आणि ती कोठे थांबवायची, नायक कोण, यावर निष्कर्षाचा मोठा भाग अवलंबून होता.

क्रोनन यांनी मात्र ‘म्हणून दोन्ही सारखेच’ असे म्हणून हात झटकले नाहीत. भूमी, पाऊस आणि गवत यांना कथेच्या सोयीनुसार वाकवता येत नाही, ज्ञात तथ्यांना धाब्यावर बसवणारी कथा टिकत नाही, आणि समव्यावसायिकांची टीका झेलावीच लागते, ही बंधने त्यांनी स्पष्टपणे मांडली. आपल्या विषयावरची दोन परस्परविरोधी पुस्तके घेऊन असा एक तक्ता स्वतः करून पाहावा. दोन्ही लेखक कोणत्या वर्षापासून सुरू करतात आणि कोणत्या वर्षी थांबतात, एवढे लिहून काढले तरी पुष्कळ हाती लागते.

फूको यांची पद्धत इतिहासात कशी वापरायची?

प्रथम एक इशारा. ‘चर्चाविश्व’ हा शब्द प्रत्येक परिच्छेदात घातल्याने फूको यांची पद्धत वापरली असे होत नाही. कोणत्याही मताला, भाषणाला किंवा पुस्तकाला चर्चाविश्व म्हणणे हा आज सर्वांत जास्त आढळणारा गैरवापर आहे. फूको यांना अभिप्रेत होते ते असे नियम, की ज्यांच्यामुळे एखाद्या काळात काही विधाने ‘ज्ञान’ म्हणून गणली जातात, ती करण्याचा अधिकार ठरावीक माणसांना मिळतो आणि इतर विधाने ऐकूच येत नाहीत.

त्यांच्या १९७५ च्या तुरुंगविषयक ग्रंथाची सुरुवात सर्वपरिचित आहे. १७५७ मध्ये राजावर हल्ला करणाऱ्या दामिएँ याला पॅरिसमध्ये जाहीरपणे, हालहाल करून ठार मारण्यात आले, त्याचे वर्णन. आणि त्याच्या लगतच, सुमारे ऐंशी वर्षांनंतरच्या, बालगुन्हेगारांच्या एका संस्थेचे तासातासांचे वेळापत्रक. नेहमीचा इतिहासकार या दोहोंमध्ये माणुसकीची वाढ पाहतो. शिक्षा सौम्य झाली, की सत्तेने देहावर घाव घालण्याऐवजी वेळ, सवय आणि हालचाल यांवर नियंत्रण मिळवण्याचे अधिक काटकसरीचे तंत्र शोधले, असा फूको यांचा प्रश्न आहे. जे आपल्याला प्रगती म्हणून अंगवळणी पडले आहे, त्याची वंशावळ काढायची आणि तिच्यात योगायोग, किरकोळ तंत्रे व विसरलेले संघर्ष सापडतात का ते पाहायचे, ही त्यांची ‘वंशावळी’ पद्धत.

संशोधकाने तिचा वापर करायचा तर एखादी आज स्वयंस्पष्ट वाटणारी वर्गवारी निवडावी, उदाहरणार्थ ‘वेडा’, ‘गुन्हेगार’, ‘बेरोजगार’ किंवा ‘अल्पवयीन’, आणि ती कोणत्या कागदांत, कोणत्या अधिकाऱ्याच्या हातून, कोणत्या कारणासाठी प्रथम उमटली, ते नियमावल्या, नोंदवह्या, प्रश्नावल्या व तक्ते यांतून शोधावे. थोरामोठ्यांची भाषणे या कामी फारशी उपयोगाची नसतात. कोरा छापील नमुना आणि त्यातील रकाने पुष्कळ बोलके असतात.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. वेडेपणाच्या इतिहासावरील १९६१ च्या ग्रंथात त्यांनी १६५६ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या सामान्य रुग्णालयापासून ‘महाबंदिवासा’चे, म्हणजे वेडे आणि गरीब यांना सरसकट कोंडून ठेवण्याचे, युग सुरू झाले असे मांडले. रॉय पोर्टर यांच्यासारख्या वैद्यकाच्या इतिहासकारांनी दाखवले की त्या काळातील इंग्लंडला हे चित्र लागू पडत नाही. एका देशातील पुराव्यावरून खंडाविषयी बोलणे ही चूक सिद्धान्ताच्या आडोशाने क्षम्य होत नाही. शिवाय फूको वाचताना वाचकाला प्रश्न पडतोच की सत्ता सर्वत्र आहे असे म्हटल्यावर बदल घडवतो कोण. त्याचे समाधानकारक उत्तर मला त्यांच्या ग्रंथांत सापडलेले नाही.

‘संहितेबाहेर काही नाही’ हे देरिदा यांचे वाक्य इतिहासकाराने कसे घ्यावे?

जपून घ्यावे. संहिता म्हणजे येथे वाचायचा मजकूर. झाक देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १९६७ च्या ग्रंथातील मूळ फ्रेंच शब्दरचनेचा अर्थ ‘बाहेरची संहिता अशी काही नसते’ या वळणाचा आहे; संदर्भावाचून अर्थ लागत नाही आणि संदर्भही वाचावाच लागतो, असा त्याचा रोख आहे. जगात कागदाखेरीज काही नाही, असा अर्थ करणे ही वाक्याची मोडतोड होय. मध्ययुगाच्या अभ्यासक गॅब्रिएल स्पीगेल यांनी १९९० मध्ये संहितेचे ‘सामाजिक तर्कशास्त्र’ ही कल्पना मांडली: संहिता समाजात एका विशिष्ट जागी जन्मते आणि त्या समाजावर परिणामही करते, म्हणून तिची बारीक भाषिक तपासणी आणि तिच्या सामाजिक स्थानाचा शोध एकाच वेळी करावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला देरिदा यांच्यापेक्षा हा मधला मार्ग लवकर उपयोगी पडतो.

सत्ताधाऱ्यांनी जपलेल्या दप्तरांतून सत्ताहीनांचा इतिहास कसा काढायचा?

सिद्धान्ताची खरी कसोटी येथे लागते, म्हणून या उत्तराला थोडी जागा लागेल.

रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये वसाहतकालीन शेतकरी उठावांच्या साधनांची तीन थरांत वाचणी केली. पहिल्या थरात घटना चालू असताना अधिकाऱ्यांनी घाईने लिहिलेली पत्रे व अहवाल. दुसऱ्यात काही काळाने लिहिलेल्या आठवणी आणि प्रशासकांनी लिहिलेले इतिहास. तिसऱ्यात पुष्कळ नंतरच्या इतिहासकारांचे लेखन. बारासात येथील १८३१ चा उठाव आणि १८५५ चा संथाळांचा उठाव यांविषयीच्या कागदांतून त्यांनी दाखवले की पहिल्या थरातली शब्दसंपत्ती निःपक्ष नाही, शेतकऱ्याचे रूपांतर ती शब्दाशब्दांतून उपद्रवी बंडखोरात करते. गुहा यांचा झोंबणारा मुद्दा पुढचा आहे. उठावाशी सहानुभूती असलेले तिसऱ्या थरातील इतिहासकारही बंडखोराला स्वतःच्या इच्छेचा धनी मानत नाहीत. संथाळांचे पुढारी सांगत होते की ठाकुराच्या, म्हणजे देवाच्या, आज्ञेने आपण उठलो आहोत. इतिहासकार ते बाजूला सारतो आणि त्या जागी सावकारी, करवाढ किंवा भावी मुक्तिलढ्याची पूर्वतयारी ठेवतो. अधिकाऱ्याने त्याला साम्राज्याच्या कथेतले पात्र केले होते, सहानुभूतीदाराने दुसऱ्या कथेतले केले. महाकथनावरचा अविश्वास एरवी घोषणेसारखा वाटतो, येथे तो कागद वाचण्याचे कौशल्य होतो.

१९८७ मध्ये गुहा यांनी याहून लहान कागद हाती घेतला. १८४९ मधील बीरभूम भागातील एका गरीब तरुण स्त्रीच्या गर्भपातातून झालेल्या मृत्यूसंबंधी तिच्या नातेवाइकांचे जबाब, तेवढाच तो तुकडा. कायद्याच्या भाषेने त्या मृत्यूला गुन्हा केले होते आणि तिला वाचवू पाहणाऱ्या स्त्रियांना आरोपी. कायद्याने घातलेला हा साचा उकलून, जातीतून बहिष्कृत होण्याच्या भीतीने घेरलेल्या बायकांची एकमेकींसाठीची धडपड त्यांनी वाचून दाखवली.

याच्या पुढे दोन सावधगिरीच्या सूचना आल्या. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ मध्ये विचारले की वंचित बोलू शकतो का. त्यांचा रोख वंचिताला वाचा नाही असे म्हणण्याकडे नव्हता. त्याचे बोलणे बोलणे म्हणून पोहोचण्याची व्यवस्था नाही आणि त्याच्या वतीने बोलणारा संशोधक हा त्या व्यवस्थेचाच भाग असू शकतो, हे त्यांना सांगायचे होते. ॲन स्टोलर यांनी २००९ मध्ये डच वसाहतींच्या दप्तरांविषयी लिहिताना सुचवले की प्रवाहाविरुद्ध, म्हणजे लिहिणाऱ्याच्या हेतूच्या उलट, वाचण्याची घाई करण्यापूर्वी प्रवाहाबरोबर वाचून पाहावे: अधिकाऱ्यांना काय माहीत नव्हते, कशाची भीती होती, कोणत्या वर्गवारीविषयी ते स्वतःच गोंधळलेले होते, हेही दप्तर सांगते.

कागदात नसलेला आवाज कल्पनेने भरून तो ‘शोधला’ असे म्हणू नये. अंदाज असेल तेथे अंदाज म्हणावे. सोळाव्या शतकातील मार्तां गेर या फ्रेंच शेतकऱ्याच्या जागी एक तोतया त्याच्या पत्नीबरोबर राहिला; त्या प्रकरणावरील १९८३ च्या पुस्तकात डेव्हिस यांनी पत्नीच्या मनाविषयी जे लिहिले, त्यावर १९८८ मध्ये रॉबर्ट फिन्ले यांनी घेतलेला आक्षेप आणि डेव्हिस यांचे उत्तर, ही जोडी प्रत्येक संशोधकाने एकदा वाचावी.

सगळेच अर्थ सारखे मानायचे, तर वंशसंहार नाकारणाऱ्यालाही मोकळे रान मिळणार नाही का?

हा प्रश्न १९९० मध्ये सॉल फ्रीडलेंडर यांनी लॉस एंजेलिस येथे भरवलेल्या परिषदेत उघडपणे चर्चेला आला आणि व्हाइट व इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग तेथे समोरासमोर आले. पुराव्याचा आणि सत्याचा आधार सोडणारी भूमिका नैतिकदृष्ट्याही तग धरत नाही, असे गिन्झबर्ग यांचे म्हणणे होते. व्हाइट यांनीही तेथे काही पावले मागे घेतली: नाझी काळातील घटनांना शब्दशः खरी म्हणून सुखान्तिकेच्या किंवा रम्य ग्रामकथेच्या साच्यात कोणी बसवू लागला, तर तथ्यांच्या आधारे ती मांडणी फेटाळता येईल, असे त्यांनी मान्य केले. ही कबुली त्यांच्या मूळ भूमिकेत सहज बसते असे मला वाटत नाही, पण ती त्यांनी दिली हे त्यांच्या बाजूने नोंदवावे लागते.

ज्यूंचा वंशसंहार नाकारणारे लेखक डेव्हिड अर्व्हिंग यांनी, त्यांना तसे म्हणणाऱ्या इतिहासकार डेबोरा लिपस्टाट आणि त्यांच्या प्रकाशकांवर लंडनमध्ये केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्याचा निकाल ११ एप्रिल २००० रोजी लागला, आणि तो अर्व्हिंग यांच्या विरुद्ध गेला. बचाव पक्षाचे तज्ज्ञ साक्षीदार रिचर्ड इव्हान्स यांनी अर्व्हिंग यांच्या तळटिपा मूळ जर्मन कागदांशी ताडून पाहिल्या. अर्व्हिंग यांनी पुराव्याची जाणीवपूर्वक मोडतोड केली, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. खोटेपणा उघडा पडला तो जुन्या, कंटाळवाण्या, कागदाला कागद लावून पाहण्याच्या कामातून. आणि अर्व्हिंग कोणत्याही अर्थाने उत्तराधुनिक नव्हते. तथ्यांपाशी जाणारा खरा इतिहासकार आपणच, असा त्यांचा दावा होता. नाकारणारे सहसा बहुविध अर्थांची बाजू घेत नाहीत, ते एकाच खोट्या अर्थाला वस्तुनिष्ठ म्हणतात.

जर्मन इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांची ‘साधनांचा नकाराधिकार’ ही कल्पना या ठिकाणी कामाला येते. काय म्हणावे हे साधने आपल्याला सांगत नाहीत, पण काय म्हणता येणार नाही हे ती सांगतात. एका साधनसंचातून एकापेक्षा अधिक इतिहास संभवतात. मात्र वाटेल तो इतिहास संभवत नाही.

स्त्रीवादी आणि मार्क्सवादी इतिहासलेखनाशी याचे जमते का?

अर्धेमुर्धे. जोन स्कॉट यांनी १९८६ मध्ये लिंगभाव ही ऐतिहासिक विश्लेषणाची कोटी म्हणून मांडली आणि १९९१ मध्ये त्याहून अडचणीचा मुद्दा काढला: ‘अनुभव’ हा अंतिम पुरावा मानता येत नाही, कारण माणूस स्वतःचा अनुभव ज्या शब्दांत ओळखतो ते शब्दही इतिहासातून आलेले असतात. अनेक स्त्रीवादी अभ्यासकांना हे रुचले नाही. इतकी शतके गप्प ठेवलेल्यांनी ‘आम्ही’ म्हणून बोलायला सुरुवात केली आणि नेमके तेव्हाच ‘आम्ही’ ही कल्पनाच संशयास्पद का ठरावी, हा त्यांचा सवाल अजून मिटलेला नाही. मार्क्सवादी बाजूने सुमित सरकार यांनी, गुहा यांनी सुरू केलेल्या वंचितांच्या इतिहासाच्या (सबाल्टर्न स्टडीज) प्रकल्पातून खुद्द वंचितच मागे पडत चालल्याची टीका केली, ती १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आली. भाषेचे विश्लेषण करता करता जमीन, मजुरी आणि उपासमार नजरेआड होऊ शकतात, ही भीती रास्त आहे.

आर्थिक किंवा लोकसंख्येच्या इतिहासात याचा काही उपयोग आहे का?

मर्यादित आहे. धान्याच्या किमतींची मालिका तयार करताना विरचनेची, म्हणजे संहितेतील अंतर्विरोध उलगडणाऱ्या देरिदा यांच्या वाचनपद्धतीची, गरज पडत नाही. आकडे कोणत्या रकान्यात भरले गेले हा प्रश्न मात्र येथेही उरतो. जनगणनेतील ‘व्यवसाय’ हा रकाना घरातील स्त्रीचे काम मोजतो की नाही, यावर श्रमशक्तीचा सगळा आलेख बदलतो. तेवढ्यापुरता उपयोग करून घ्यावा आणि पुढे जावे.

प्रबंधात हा सिद्धान्त कोठे आणि किती घालावा?

पहिल्या प्रकरणात चाळीस पाने सैद्धान्तिक चौकट आणि पुढच्या पाच प्रकरणांत तिचा मागमूसही नाही, असे प्रबंध पुष्कळ तपासले जातात. परीक्षकाला ती पाने कोठून आली आहेत हे बहुधा कळते. उलट मार्ग बरा: आधी साधने वाचावीत, त्यांत जेथे अडखळायला होते ती जागा टिपून ठेवावी, आणि त्या अडचणीला नाव देणारी एखादीच संकल्पना घ्यावी. एक संकल्पना पाच प्रकरणांत राबवलेली चांगली. पाच संकल्पना एका प्रकरणात रचून ठेवलेल्या निरुपयोगी. ज्या संशयाने आपण अधिकाऱ्याचा अहवाल वाचतो त्याच संशयाने आपले स्वतःचे प्रकरण एकदा वाचावे. आपण कोठून सुरुवात केली, कोणाला नाव दिले आणि कोणाला ‘जमाव’ म्हटले, हे तेथेच दिसते.

संज्ञांबाबत मराठीत एकवाक्यता नाही. एकाच कल्पनेसाठी चर्चाविश्व, संभाषित आणि विमर्श असे शब्द चालतात. विरचना, संहिता, महाकथन हे त्या मानाने स्थिरावले आहेत. एक शब्द निवडून पहिल्या वापराच्या वेळी त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा. तो अर्थ साध्या मराठीत सांगता येत नसेल, तर संकल्पना अजून आपली झालेली नाही असे समजावे.

हा वाद आता शिळा झालेला नाही का?

वाद शिळा झाला आहे. १९९० च्या दशकातील धार आज कोठे दिसत नाही, व्हाइट २०१८ मध्ये गेले, आणि तरुण संशोधक वस्तू, हवामान, प्राणी, जागतिक व्यापार यांच्या इतिहासाकडे वळले आहेत. पण दप्तरात काय नाही आणि का नाही, हा प्रश्न आता स्वतःला उत्तराधुनिक न म्हणवणारेही सहजपणे विचारतात.

वाचनाची सुरुवात कोठून करावी?

मोठ्या ग्रंथापासून करू नये. रोलाँ बार्थ यांचा इतिहासाच्या भाषेविषयीचा १९६७ चा निबंध, त्यानंतर क्रोनन यांचा धुळीच्या वादळांवरचा, आणि मग गुहा यांचा १८४९ च्या त्या जबाबांवरचा, या क्रमाने तीन लहान निबंध वाचावेत. गुहा यांचा निबंध वाचताना मूळ जबाबाचा उतारा प्रथम स्वतः, निबंधाकडे न पाहता, दोनदा वाचावा आणि आपल्याला काय दिसले ते कागदावर उतरवून ठेवावे.